मिरगी डॉक्टर

आमच्या डॉक्टरसाहेबांना कोणी 'ढोर-डॉक्टर' म्हटलेलं चालत असे. नुसतं 'डॉक्टर' म्हटलेलं मात्र खपत नसे. "माणसांचा डॉक्टर वाटलो की काय मी तुला?" असं ते अशा सुरात विचारत, की आपण त्यांच्या घराण्यावर काही ठपका ठेवला असं समोरच्याला वाटावं. माणसांचे डॉक्टर म्हणजे त्यांच्या मते नुसते ऐकून घेणारे लोक. रोगी स्वतःच सांगतो कुठे दुखतं, किती दुखतं, कालपासून दुखतं की परवापासून. मग यात विद्या ती कसली?

अकोल्याच्या ढोर-दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो तेव्हा नुकताच परीक्षा पास होऊन आलो होतो आणि मला बरंच काही येतं असा माझा समज होता. पहिल्याच सकाळी त्यांनी मला खुर्चीवर बसू न देता विचारलं, "जनावराला फिट आलेली पाहिलीस कधी?"

मी म्हणालो, "पुस्तकात वाचलंय, साहेब."

"पुस्तकाला फिट येत नाही," ते म्हणाले, आणि पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

दवाखान्यात काम तसं ठरलेलं होतं. बुळकांडीच्या लसी, खुरकूत, घटसर्प, शिंग मोडलेले बैल, काटेरी तार लागलेल्या गाई. साहेब ही कामं चोख करत. पण जावयानं सासुरवाडीची पूजा करावी तशी. त्यांचा जीव अडकला होता तो एकाच रोगात. गावात त्याला मिरगी म्हणत, कोणी फेपरं म्हणत, कोणी 'बाहेरचं' म्हणून नाव घ्यायचंच टाळत. कुत्रा, बैल, घोडा, कोणतंही जनावर तोंडाला फेस आणून पाय झाडत पडलं अशी खबर आली, की साहेबांच्या चेहऱ्यावर लग्नाचं बोलावणं आल्यासारखं तेज येई. हातातला घटसर्पाचा बैल माझ्या ताब्यात देऊन ते टांग्यात बसत. त्यामुळे सगळ्या शहरात त्यांचं नाव 'मिरगी डॉक्टर' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

त्यांची बोलण्याची एक रीत होती. जनावरांना ते 'आपण' म्हणत आणि माणसांना 'तू'. पुण्याकडचा हा गोरटेला, बुटका गृहस्थ काळा कोट घालून म्हशीपुढे उभा राही आणि म्हणे, "आपण जरा जीभ दाखवता का?" आणि त्याच दमात म्हशीच्या पांढऱ्या मिशांच्या मालकाला, "तू लांब हो रे." कोणी विचारलंच तर सांगत, "ज्याला गाऱ्हाणं करता येत नाही त्याला मान द्यावा. तुला तोंड आहे, तुझं तू बघ." वरिष्ठांशी ते मराठीतून कधीच बोलत नसत. इंग्रजीत एकच 'यू' आहे ही त्या भाषेची फार मोठी सोय आहे असं ते म्हणत. साहेबलोकांना 'यू' म्हणताना ते मनातल्या मनात त्याचं 'तू' करत आणि साहेबलोकांना त्याचा पत्ता नसे.

मिरगीवरच्या गावठी इलाजांशी त्यांचं उघड वैर होतं. जनावर पडलं की मालक आधी पायातलं पायताण काढून त्याच्या नाकाला लावी. साहेब तिथे पोहोचले की ते पायताण जप्त करत. दवाखान्याच्या ओसरीवर अशा एकेकट्या पायताणांचा ढीग साचला होता. कोणी मागायला आला तर म्हणत, "दुसरं आहे ना घरी? ते स्वतःच्या नाकाला लाव, आणि गुण आला तर मला येऊन सांग." डाग देणाऱ्यांची मात्र ते थट्टा करत नसत. तापल्या सळईनं बैलाच्या कपाळावर फुली काढणाऱ्या एका माणसाला त्यांनी भर बाजारात सदऱ्याच्या बाहीला धरलं आणि सळई त्याच्या हातात देऊन "आता स्वतःला एक दे, मग बैलाला दे" म्हणून अर्धा तास उभं करून ठेवलं होतं. माणूस रडकुंडीला आला. साहेबांना दया आली नाही. माणसाच्या रडण्याला ते लक्षण मानतच नसत.

त्यांचं औषध होतं पोटॅशियम ब्रोमाइड. पांढरं, मिठासारखं दिसणारं, चवीलाही खारट. कुलपातल्या कपाटात त्याची एक मोठी काचेची बरणी होती आणि त्या कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला होती. औषध देताना ते प्रत्येक मालकाला तेच सांगत. "हे औषध रोग बरा करत नाही. रोगाला दाराबाहेर उभं करतं. रोज द्यायचं. बरं वाटलं म्हणून एक दिवस जरी बंद केलंस, तर तो कडी मोडून आत येईल, आणि येताना भाऊबंद घेऊन येईल." लोक मान हलवत, आणि जनावराला बरं वाटलं की औषध बंद करत. मग फिटा पहिल्यापेक्षा जोरानं येत आणि लोक म्हणत, मिरगी डॉक्टरचं औषध बाधलं. साहेब म्हणत, "माणसाला सगळं समजतं. फक्त 'रोज' हा शब्द समजत नाही."

अमरावतीला एक रावबहादूर होते. मोठे वकील, मोठा बंगला, आणि त्या बंगल्यात एक अल्सेशियन कुत्रा. तो त्यांना एका गोऱ्या अधिकाऱ्यानं बदलीवर जाताना भेट दिलेला होता. रावबहादुरांच्या दिवाणखान्यात या कुत्र्याला जी जागा होती ती त्यांच्या धाकट्या भावालाही नव्हती. बड्या मंडळींना दिलेल्या चहाच्या वेळीच तो कुत्रा एकदा गालिच्यावर आडवा झाला आणि पाय मारू लागला. बशा फुटल्या. एक मडम खुर्चीवर चढली. रावबहादुरांनी ऊन लागलं असं सांगून वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला माणूस धाडला.

साहेब मला घेऊन गेले. बंगल्यात जो तो वेगळंच सांगत होता. वैद्य म्हणे पित्त, भटजी म्हणे दृष्ट. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, कुत्र्यापुढे मांडी घालून बसले आणि बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. मग म्हणाले, "मिरगी आहे."

रावबहादूर खालच्या आवाजात म्हणाले, "असं लिहू नका. साहेबांनी दिलेलं जनावर आहे. त्यांनी रोगी कुत्रा दिला असा त्याचा अर्थ होतो. ऊन लागलं असं लिहा."

"मी लिहीन ऊन लागलं," साहेब म्हणाले, "पण याला कसं कळणार की आपल्याला ऊन लागलं आहे? तू सांगणार का?"

रावबहादुरांना त्यांचे आईवडील गेल्यापासून कोणी अरे-तुरे केलं नव्हतं. ते इतके गोंधळले की रागवायचंच विसरले.

ब्रोमाइड सुरू झालं. फिटा थांबल्या. पण त्या औषधानं जनावर जरा झिंगतं, मागचे पाय लटपटतात आणि भूक वखवखल्यासारखी होते. महिन्याभरानं रावबहादूर स्वतः अकोल्याला आले. "कुत्रा दारू प्यायल्यासारखा चालतो हो. येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे शोभत नाही."

"तुझ्या बंगल्यात ते कोणाला वेगळं वाटायला नको होतं," साहेब म्हणाले.

हे ऐकायला दवाखान्यात चार-सहा शेतकरी होते. संध्याकाळपर्यंत ते वाक्य ताजनापेठेत पोहोचलं आणि पुढच्या गाडीनं अमरावतीला. रावबहादूर ते आयुष्यभर विसरले नाहीत. साहेब मात्र विसरून गेले, आणि कुत्रा झिंगू नये म्हणून मुंबईच्या एका ओळखीच्या दुकानातून जर्मनीहून येणाऱ्या गोळ्या मागवून देऊ लागले. त्या गोळ्यांवर कुत्रा सरळ चालू लागला. मी म्हटलं, "साहेब, त्या माणसासाठी इतकी खटपट कशाला?" ते म्हणाले, "कुत्र्यानं त्याला निवडलेलं नाही."

त्याच सुमारास मोर्णा नदीच्या काठची एक माळीणबाई दवाखान्यात आली. वांगी, मेथी आणि झेंडू यांची तिची वाडी होती. विहिरीवर मोट चाले. ढवळ्या आणि पवळ्या अशी बैलजोडी होती, आणि त्यातला पवळ्या मोट ओढता ओढता पडू लागला होता. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलायला तुटक. नवरा मागे उभा होता. तो बोलायचं काम बायकोवर सोपवून मोकळा झालेला माणूस होता.

"सायेब, माहा बैल पडते," ती म्हणाली. "लोकं म्हनतात, विहिरीत आसरा हायेत, पान्यातल्या देव्या, त्या त्याले बलावतात. म्या म्हनलं, आसरायले बैल कायले पायजे? त्यायले का वावर वायचं हाये?"

साहेबांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. आमच्याकडे आलेल्या माणसात त्यांना इतका रस वाटलेला मी पाहिला नव्हता.

आम्ही वाडीवर गेलो. मोटेचे बैल उतारावरून पुढे जातात तेव्हा मोट भरून वर येते आणि ती रिकामी झाली की बैल मागे मागे चालत विहिरीच्या काठापर्यंत येतात. पवळ्याला त्या परतीच्या चालीत फिट आली, तर तो विहिरीत जाणार, जोडीचा ढवळ्या त्याच्यामागे ओढला जाणार, आणि नाड्याच्या जाड दोरावर बसून मोट हाकणारा नवराही. हे साहेबांनी काठावर उभं राहून तिला समजावून सांगितलं. मग पवळ्याकडे वळून म्हणाले, "आपण तोंड उघडा."

"बैलाले आपन, अन् मले तू?" बाई म्हणाली.

"तुला राग आला तर तू सांगतेस. हे कोणाला सांगतील?"

बाईनं यावर विचार केला. "बराबर हाये," ती म्हणाली, आणि बांबूच्या नळकांड्यानं औषध पाजायला तिनं स्वतः बैलाचा जबडा धरला.

साहेबांची एक अट होती. बैलाला मीठ द्यायचं नाही. आमच्याकडे सरकीच्या पेंडीच्या ढेपीवर मूठभर मीठ टाकल्याशिवाय बैलाला कोणी खायला घालत नाही. साहेब म्हणाले, "अंगात या दोघांना बसायला एकच पाट आहे. मीठ आलं की औषध उठून जातं." बाईला हे पटलं. पहिले दिवस बरे गेले आणि मग फिटा पुन्हा सुरू झाल्या. साहेबांनी औषध वाढवलं. फिटा चालूच. तेव्हा एका सकाळी ते न सांगता वाडीवर गेले, कोट सावरून गव्हाणीपाशी गुडघ्यावर बसले आणि बैलाच्या पुढ्यातली ढेप बोटानं उचलून तोंडात टाकली. चावली. डोळे मिटले. दुसऱ्या कोपऱ्यातली चाखली. वऱ्हाडातला सरकारी अधिकारी गव्हाणीत तोंड घालून ढेप खातो आहे हे बघायला शेजारच्या वाड्यांतले लोक कुंपणाशी जमले होते.

"मीठ आहे," साहेब म्हणाले.

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो विहिरीकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "म्या टाकलं. रोज थोडं थोडं."

"काहून?" बाईनं विचारलं.

"आपल्या घरचं मीठ नाई खाल्लं, त थो आपला कसा राईन?" मग तो साहेबांकडे वळला. मी त्याला त्याआधी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. "अन् सायेब, तुमचं औषद बी खारटच लागते. म्या चाखून पायलं. तुमचं खारट चालते, मंग माहं काहून नाई चालत?"

या प्रश्नाला साहेबांकडे उत्तर होतं, पण ते रसायनशास्त्रात होतं. साहेब म्हणाले, "तुझं इमान टिकवायला मीठ लागतं. त्यांचं तसंच टिकतं. विश्वास ठेव." नवऱ्यानं मान हलवली. साहेबांचा माणसाच्या मान हलवण्यावर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी हुकूम केला की या घरातच मीठ राहता कामा नये. बैल बरा होईपर्यंत सगळ्यांनी अळणी खायचं. बाईनं मिठाचं मडकं उचललं आणि नदीत रिकामं करून आली. त्यानंतर साहेब दर आठवड्याला गव्हाणीतली ढेप आणि चुलीवरची वांग्याची भाजी, दोन्ही चाखून येत. माळ्याच्या घरी जेवतो म्हणून त्यांच्या आळीत कुजबुज झाली. साहेब म्हणाले, "जेवत नाही, तपासतो." अळणी भाजी ते दोन भाकरींबरोबर तपासत.

पवळ्या सावरला. एक पावसाळा, एक हिवाळा, मोट चालू राहिली.

मग युद्ध सुरू झालं. जर्मन गोळ्या आधी बंद झाल्या. रावबहादुरांच्या कुत्र्याला पुन्हा ब्रोमाइड लागणार होतं, आणि तेही बाहेरून यायचं थांबलं होतं. जिल्ह्यात उरली होती ती आमच्या कपाटातली अर्धी बरणी. साहेबांनी दोघांना पुरेल अशी वाटणी ठरवली होती. पण रावबहादुरांना वाटणी ही कल्पनाच पसंत नव्हती. त्यांनी वर शब्द टाकला. वरून आमच्याच खात्यातले एक साहेब तपासणीला आले. आपलेच, मराठी बोलणारे. पण टोपी काढण्याची ढब विलायती. त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि बरणी उचलली. 'महत्त्वाच्या जनावरांसाठी' असं कारण त्यांनी दिलं.

आमचे साहेब इंग्रजीत म्हणाले, की औषध एकदम बंद केलं तर बैलाला लागोपाठ फिटा येतील आणि तो मरेल. वरचे साहेब म्हणाले, "बैलच ना?"

त्यावर आमचे साहेब मराठीत बोलले. वरिष्ठांशी मराठीत बोलताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. ते म्हणाले, "तू ही बरणी नेतोस तर एक बैल सरकारकडे लागतो, एवढं लक्षात ठेव."

बरणी गेली. दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर मी वाडीवर गेलो तेव्हा पवळ्या बाभळीखाली बांधलेला होता आणि मोटेच्या जुवाखाली ढवळ्याच्या शेजारी आमचे साहेब उभे होते. कोट अंगात, डोक्याला टोपी, छातीशी गोणपाटाची घडी.

वैशाखाचं ऊन होतं. एक दिवस मोट थांबली तरी मेथी मान टाकते. शेजारी कोणाचा बैल मोकळा नव्हता. ज्याची त्याची मोट चालू होती. बाई काठावर उभी होती.

"सायेब, तुमच्याच्यानं नाई होनार," ती म्हणाली.

"सरकारनं बैल नेला. मी सरकारी नोकर आहे. मी भरपाई," साहेब म्हणाले. "हाक म्हणावं त्याला."

नवऱ्यानं हाकलं. ढवळ्या चालला. साहेब ओढले गेले की चालले हे सांगता येणार नाही, पण मोट वर आली, पाटात पाणी पडलं. ढवळ्याला जोडीदार पसंत नसावा. तो वळून वळून बघत होता. कुंपणावरून कोणीतरी म्हणालं, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आता बैलाले काय गुण लागते ते पाहा." लोक हसले. दुपारपर्यंत अर्धं अकोलं मोर्णेच्या काठी जमलं.

तो सत्याग्रहाचा काळ होता. सरकारी नोकर जुवाला लागून सरकारचा निषेध करतो आहे अशी बातमी शहरात पसरायला वेळ लागला नाही. टोपीवाले कार्यकर्ते आले, घोषणा सुरू झाल्या. कोणी झेंडूचा हार आणून साहेबांच्या गळ्यात घातला. हार बाईच्याच वाडीतला असावा. साहेबांचे हात जुवाला होते; हार काढता येईना. ढवळ्यानं मान वळवून तो खायला सुरुवात केली. पाठोपाठ पोलिसांचे इन्स्पेक्टर शिपाई घेऊन आले. त्यांना अटक कोणाला करायची ते कळेना. जुवाला लागणं हा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो हे ते मला विचारत होते.

त्या गदारोळात पवळ्या पडला.

बाभळीखाली धप्प आवाज झाला आणि त्याचे चारही पाय ताठ झाले. फेस आला, डोळे फिरले, शिंगं जमिनीवर आपटू लागली. साहेब जुवातून कसे सुटले ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं तेव्हा ते पवळ्याच्या मानेशी होते आणि ओरडत होते, "गप्प बसा. त्यांना त्रास होतो. तुमचा देश थोडा वेळ गप्प ठेवा."

घोषणा थांबल्या. एक फिट गेली, लगेच दुसरी आली. साहेबांनी मला दवाखान्यातून क्लोरल आणायला पिटाळलं. फिटा दाबणारं, गुंगी आणणारं तेवढं एक औषध वरच्या साहेबांच्या नजरेतून सुटलं होतं. मी परत आलो तेव्हा इन्स्पेक्टरांनी टोपी बाजूला ठेवून एक शिंग धरलं होतं आणि एका कार्यकर्त्यानं दुसरं. बाई बैलाच्या पोटाशी बसून त्याच्या अंगावर हात फिरवत होती. तिचा नवरा दोन्ही हात तोंडावर धरून उभा होता. क्लोरल पोटात गेलं, आणि ऊन कलायला लागलं तेव्हा पवळ्याचे पाय सैल पडले. शेकडो माणसं तिथं होती आणि बैलाचा श्वास ऐकू येत होता.

इन्स्पेक्टर उठले, गुडघे झटकले, आणि साहेबांना हळूच म्हणाले, "औषध कोणी नेलं म्हणालात?"

बरणी दुसऱ्याच दिवशी परत आली. अकोल्यात बैलावरून चळवळ पेटणं सरकारला परवडणारं नव्हतं. साहेबांनी बरणी ताब्यात घेतली, पवळ्याचा वाटा बाजूला काढला, आणि उरलेला घेऊन स्वतः अमरावतीच्या गाडीत बसले. कुत्र्याचं औषध त्यांनी बंगल्याच्या दारात रखवालदाराकडे दिलं. रावबहादूर आत असूनही बाहेर आले नाहीत.

सरकारनं साहेबांची बदली मेळघाटात केली. तिथं त्यांना मिरगीचं एकही जनावर मिळणार नाही अशी कोणीतरी आशा केली असावी. निघताना ते वाडीवर गेले. बाईनं विचारलं, "आता आमी मीठ खाऊ?"

"तू खा," साहेब म्हणाले. "ते नाही."

पवळ्या पुढे म्हातारा होऊन मेला, गोठ्यात, विहिरीपासून लांब. साहेब निवृत्त होऊन अकोल्यातच राहायला आले. आणि वारं बदललं. स्वराज्य दाराशी आलं असं सगळे म्हणू लागले, जुन्या त्यागांचा शोध सुरू झाला, आणि कोणालातरी जुवाला लागलेला सरकारी डॉक्टर आठवला. अमरावतीला त्यांचा सत्कार ठरला. साहेब जायला तयार नव्हते. अमरावतीत जनावरांसाठी नवा दवाखाना काढणार आहेत अशी थाप मारून मी त्यांना नेलं.

सभेचे अध्यक्ष रावबहादूर होते. पदवी त्यांनी गाळली होती. अंगावर खादी होती, नवीकोरी, घडीच्या रेघांसकट. त्यांनी साहेबांच्या त्यागावर इतकं सुंदर भाषण केलं की पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मग साहेबांच्या खांद्यावर काश्मिरी शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले.

साहेब उभे राहिले. "मी देशासाठी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "बैलाला फिटा येत होत्या." लोकांना हा विनय वाटला, टाळ्या पडल्या. टाळ्या संपायच्या आत ते अध्यक्षांकडे वळले. "कुत्रा कसा आहे?"

अध्यक्ष हसले. "आता कसला कुत्रा. ते जुन्या काळातलं."

"मेला का?"

"मेला नाही. पण इंग्रजानं दिलेला कुत्रा घरात ठेवायचे दिवस आहेत का हे? काढून टाकला. मागे धोब्याकडे असतो बहुतेक."

"औषध?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

साहेब व्यासपीठावरून उतरले. मला वाटलं पाणी प्यायला निघाले. ते सरळ मंडपाबाहेर पडले, टांगा केला आणि बंगल्याच्या मागच्या धोबीवस्तीत गेले. कुत्रा तिथं भट्टीशेजारी पडून होता. म्हातारा, बरगड्या निघालेला, कानाला जखम. धोबी म्हणाला, "दिवसाआड पडते, साब. कोनी काही सांगतलं नाही, काय द्याचं ते." साहेबांनी त्याच्याकडे सुतळी मागितली. सुतळी कुत्र्याच्या गळ्यात बांधून म्हणाले, "आपण चलता का?"

बडनेऱ्याला आम्ही गाडी बदलली. तिसऱ्या वर्गाचा डबा भरलेला होता. सत्काराची गर्दीही त्यात होतीच. लोकांनी साहेबांना ओळखलं, खिडकीशी जागा करून दिली. गाडी सुटून थोडी पुढे गेली आणि कुत्र्याला फिट आली. लोक किंचाळत बाकांवर चढले. साहेब खाली बसले, अंगावरची शाल ओढून तिच्या दोन-तीन घड्या केल्या आणि त्याच्या डोक्याखाली सरकवल्या, लाकडावर आपटू नये म्हणून. हात त्याच्या मानेवर ठेवला. बाकी काहीच केलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं.

हळूहळू पाय थांबले. कुत्र्यानं डोळे उघडले, कुठे आहोत ते न कळल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं, आणि फिटेनंतर कधी कधी होतं तसं त्याला आवरलं नाही. शाल ओली झाली. बाकावरचा एक माणूस हळहळला, "अरे अरे, सत्काराची शाल होती."

साहेबांनी शाल उचलली, ओला भाग बाहेर येईल अशी उलटून खिडकीच्या गजांना बांधली आणि पुन्हा खाली कुत्र्याजवळ बसले.

"वारा चांगला आहे," ते म्हणाले. "मूर्तिजापूरपर्यंत वाळेल."